कावळ्याच्या बाजूने

क्लिफर्ड स्टोल यांचे ‘द ककूज एग’ (१९८९) हे पुस्तक हेरकथा म्हणून वाचले जाते. हिशेबातल्या ७५ सेंटच्या तफावतीमागे लागलेला खगोलशास्त्रज्ञ केजीबीला माहिती विकणाऱ्या हॅनोव्हरच्या तरुणापर्यंत पोहोचतो. कथानकच तसे आहे. मला मात्र ते एकटेपणाचे पुस्तक वाटते, आणि त्याची खूण शीर्षकातच आहे.

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. कोशात ‘परभृत’ म्हणजे कोकिळ आणि ‘परभृत्’ म्हणजे कावळा. फरक एका पाय मोडण्याचा. पण कवितेने उचलला तो पहिलाच शब्द. घरट्यातले एक अंडे आपले नाही, हे ज्या कावळ्याला कळले त्याचे पुढे काय झाले, हे कुणी विचारले नाही. स्टोल तेच सांगतात.

१९८६ साल, बर्कलेची प्रयोगशाळा. सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल गोळा करून ते बाहेरून येणाऱ्या लाइनींना जोडतात आणि रात्री तिथेच झोपतात. मग एफबीआयला फोन. नुकसान किती? ७५ सेंट. विषय संपला. पुढे एकामागून एक खाती ऐकून घेतात, कागद मागून घेतात, आणि हे आपल्या अखत्यारीत नाही म्हणतात. पहिल्या वाचनात ही फोनांची पाने मी भराभर उलटली होती. आज वाटते, पुस्तक तिथेच आहे.

कारण १९९० नंतरच्या दशकात फैजपुरात संगणकांची देखभाल करताना मी तेच अनुभवले. केळीवर करपा आला की चौकात दहा जण पान हातात घेऊन बोलतात. बूट सेक्टरमधला व्हायरस दाखवायचा कुणाला? फाइलींची यादी नेहमीसारखीच दिसे. ‘मशीन चालतंय ना?’ एवढेच वरून विचारले जाई. मॉरिस वर्मनंतर, १९८८ मध्ये, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात निदान सर्ट निघाले. आपले सर्ट-इन आले २००४ साली. मधल्या काळात पुण्याच्या काटकर बंधूंचे क्विक हील आले. मराठीत त्यांच्यावर लिहिले गेले ते बहुतेक यशोगाथा म्हणून. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासूनची त्यांची वाट त्यात असते, पण त्या कामातला एकांत आपल्या लेखकांना दिसलेला नाही.

स्टोल एका तळटीपेत चक्क बिस्किटांची कृती देतात. हा पाचकळपणा मला फार खटकला होता. आता खटकत नाही. वर्षभर कुणी ऐकून घेतले नाही, तर माणूस भेटेल त्याला सगळेच सांगत सुटतो, बिस्किटांसकट.