नवलाख पायऱ्या आणि असंख्य तारे

मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन झाले की शाळेची सहल बहुधा जेजुरीला वळते. गडाच्या पायथ्याशी मुलांच्या कानांवर पडते, ‘नवलाख पायऱ्यांची जेजुरी!’ चौकस शिक्षकाने तिथेच एक गणित घालावे. पायरी १५ सेंटिमीटर उंच धरली, तर नऊ लाख पायऱ्यांची उंची १३५ किलोमीटर भरते. अवकाशाची हद्द साधारणपणे १०० किलोमीटरवर मानतात. म्हणजे खंडोबाचे देऊळ अवकाशात! प्रत्यक्षात पायऱ्या काही शेच आहेत.

मग ‘नवलाख’ चूक ठरवायचे का? मुळीच नाही. ‘सतराशे साठ भानगडी’ कोणी मोजून सांगत नाही. ही संख्या नव्हे, ‘पुष्कळ’ म्हणण्याची रीत आहे.

इंग्रजीत यासाठी वेगळी सोय आहे. ‘झिलियन’ दिसायला मिलियन, बिलियनसारखा. पण त्याला निश्चित किंमत नाही. ‘अम्पटीन’ही तसाच, थर्टीन-फोर्टीनच्या वळणाचा. ऐकताक्षणीच कळते की इथे मोजणी झालेली नाही. मराठीत मात्र बहुधा खरेच संख्याशब्द दोन्हीकडे वापरतात. मेंढपाळाच्या मोजणीत खंडी म्हणजे नेमकी वीस मेंढरे. धान्याची खंडी वीस मणांची. घरात मात्र ‘खंडीभर कामे पडलीत’ म्हणताना कोणी वीस मोजत नाही.

बोलण्यात यामुळे काही बिघडत नाही. आमचा आक्षेप आहे तो विज्ञानलेखनावर, आणि त्यात आम्हीही आलो. ‘रात्री आकाशात असंख्य तारे दिसतात’ हे वाक्य आपण बिनदिक्कत लिहितो. अगदी अंधाऱ्या जागेवरूनही नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-तीन हजारांच्या आसपासच तारे दिसतात. आकाशगंगेतील ताऱ्यांचा अंदाज मात्र १०० ते ४०० अब्जांचा आहे. दोन्ही ठिकाणी ‘असंख्य’ लिहिले, की मधला किमान तीन कोटी पटींचा फरक पुसला जातो. मुलाला वाटते, हे मोजता येतच नाही. आणि मोजण्याची इच्छा तिथेच संपते.

गंमत अशी की वहीतल्या ‘नवलाख पायऱ्यां’वर आपण लाल रेघ ओढतो आणि ‘असंख्य ताऱ्यां’ना बरोबरची खूण देतो. शिक्षकमित्रहो, पुढच्या धड्यात ‘लाखो’, ‘कोट्यवधी’, ‘अगणित’ हे शब्द मुलांना शोधायला सांगा आणि प्रत्येकापाशी एकच प्रश्न विचारा: हे कोणी, कसे मोजले? उत्तर मिळाले, तर तिथे संख्या लिहा. नाही मिळाले, तर ‘पुष्कळ’ हा शब्द पुरेसा प्रामाणिक आहे.