शेवटचा टप्पा कोणाचा? : आगाखान स्पर्धा, टपाल-उड्डाण आणि चरित्रकाराची दृष्टी

प्रवासवर्णनाच्या अभ्यासात प्रस्थानाची जेवढी चिकित्सा होते तेवढी आगमनाची होत नाही. वस्तुतः प्रवासाचा अर्थ पुष्कळदा अखेरच्या दिवशीच ठरतो. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधील (१९०७) सत्तावनची धामधूम सर्वांच्या स्मरणात राहते, पण लेखक अखेरीस गंगेची कावड घेऊन वरसईला परततो, तेव्हाच त्या भ्रमंतीला पूर्णता येते. लहान खाजगी विमानाने केलेल्या दीर्घ प्रवासाच्या कथनात अखेरच्या दिवसाचे काय होते, हे तपासण्यासाठी रुसी लाला यांच्या ‘बियाँड द लास्ट ब्लू माउंटन’ (१९९२) या जे. आर. डी. टाटा यांच्या चरित्रातील दोन प्रसंग प्रस्तुत लेखात विचारात घेतले आहेत.

पहिला प्रसंग १९३० मधील. भारत व इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने विमान चालवून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. प्रवास कोणत्याही दिशेने करण्याची मुभा होती. जे.आर.डी. कराचीहून पश्चिमेकडे निघाले, तर अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून पूर्वेकडे. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी खोळंबले होते, जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकले.

ही कथा सांगताना चरित्रकाराचा सारा जिव्हाळा अबुकीरवर एकवटतो आणि ते स्वाभाविकही आहे, कारण नायकाचे औदार्य तेथे प्रकट होते. तथापि त्यामुळे अंतिम दिवस केवळ त्या औदार्याची पावती होऊन बसतो. या स्पर्धेची अंतिम रेषा एक नव्हती हेही विसरले जाते. एकाचा शेवट कराचीत, दुसऱ्याचा इंग्लंडमध्ये. प्रतिस्पर्ध्याला डोळ्यांनी पाहून वेग वाढवावा, अशी सोय दोघांनाही नव्हती. मे महिन्यात कराचीला उतरलेला अस्पी अवघा सतरा वर्षांचा होता. त्याच वर्षी तो आर. एन. चावला यांच्यासह भारतातून इंग्लंडला विमानाने गेला होता. पुढे १९६० ते १९६४ या काळात तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. त्याच्या कर्तृत्वाची चर्चा दिलेल्या प्लगांभोवती फिरत राहावी, हे न्याय्य वाटत नाही. या विजयामुळे अस्पीचा हवाई दलातील प्रवेश सुकर झाला, याचा आपल्याला आनंद झाला, असे जे.आर.डी. सांगत. त्यांच्या या उद्गारांत अस्पीची पुढील वाटचाल दिसते. कथेच्या रूढ मांडणीत ती दिसत नाही.

तिसरे स्पर्धक मनमोहन सिंग. त्यांनीही प्रवास पूर्ण केला. परंतु मुदत उलटून गेल्याने ते पारितोषिकास अपात्र ठरले. शेवटच्या दिवसाची तारीख चुकली की कथेतील स्थानही कसे आक्रसते, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरा प्रसंग १५ ऑक्टोबर १९३२ चा. पस मॉथ विमानातून टपाल घेऊन जे.आर.डी. कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा आरंभ म्हणून या दिवसाचा गौरव होतो. परंतु टपाल जुहूला संपणारे नव्हते; ते मद्रासला जायचे होते. जुहूहून बेल्लारीमार्गे ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पोहोचवले. ही टपालसेवेची मूळ कल्पनाही त्यांचीच. म्हणजे नायकाच्या प्रवासाचा शेवट हा टपालाच्या प्रवासाचा मध्य होता. लालांच्या ग्रंथात व्हिन्सेंट यांना योग्य ते श्रेय आहे. लोकस्मृतीत मात्र ते जवळजवळ नाहीसे झाले आहेत. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जे.आर.डीं.नी लेपर्ड मॉथमधून तेच उड्डाण पुन्हा केले, तेव्हाही जनमानसावर ठसलेले चित्र जुहूचेच राहिले.

रत्नागिरीच्या वाचकास हा मुद्दा निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मुंबईहून येणारी आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना किनाऱ्याला आणण्याचे काम पडाव करीत. आठवणींच्या लेखनात बोटींची नावे आढळतात, तांडेलांची क्वचितच.

चरित्र हा एका व्यक्तीचा वाङ्मयप्रकार आहे, तेव्हा त्यात इतरांचे शेवटचे टप्पे गौण ठरणारच, असा बचाव करता येईल. तो अंशतः मान्य करावा लागेल. परंतु लालांचा ग्रंथ जे.आर.डीं.शी झालेल्या प्रदीर्घ संभाषणांवर आधारलेला आहे, आणि या संभाषणांतील नायक अस्पी व व्हिन्सेंट यांच्याविषयी मोकळेपणाने बोलतो. नायकाने दाखवलेली ही उदारता त्यानंतरच्या पाठ्यपुस्तकी लेखांनी व वर्धापनदिनांच्या भाषणांनी मात्र दाखवलेली नाही.