नाद, देह आणि विराम : जपानी कथन व गाडगेबाबांचे कीर्तन

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींस ‘संगीत’ या एकाच संज्ञेखाली आणले. मराठी समीक्षेने मात्र त्यांतील गीताचे शब्द तेवढे आपल्याकडे ठेविले व देहाचा भाग लोककलांच्या संग्राहकांवर सोपविला. या वाटणीने झालेली हानी जपानी कथन शेजारी ठेवून पाहिले असता विशेष जाणवते.

यासुनारी कावाबाता यांची ‘इझूची नर्तकी’ ही कथा १९२६ सालची. फिरत्या कलावंतांच्या मेळ्यातील मुलीकडे ओढला गेलेला विद्यार्थी पावसाळी रात्री खोलीत बसून दूरच्या मेजवानीतून येणारा तिचा ढोल ऐकतो. ढोल वाजत आहे तोवर ती वाद्याशी बसलेली आहे, एवढी त्यास खात्री असते; ढोल थांबताच त्याचा जीव कासावीस होतो. नर्तकी त्या वेळी दिसतच नाही. तिच्या देहाची स्थिती केवळ नादावरून कळते, आणि नाद थांबणे हीच प्रसंगातील सर्वांत तीव्र घटना ठरते. नो नाट्याचा आचार्य झेआमी याने पंधराव्या शतकातच दोन क्रियांमधील निष्क्रिय क्षणास अभिनयाचे मोल दिले होते.

भाषेच्या अंगाने पाहता, नादाचे अनुकरण करणारे शब्द (गिओंगो) आणि नादाविना हालचालीचे वा स्थितीचे अनुकरण करणारे शब्द (गिताइगो) असा भेद जपानीत केला जातो. मराठीत दोन्ही आहेत : खळखळ, धडधड पहिल्या वर्गातील, लुटुलुटु, तुरुतुरु दुसऱ्या. उणीव शब्दसंपत्तीत नाही, प्रतिष्ठेत आहे. दुसरा वर्ग आपण बालगीतांत कोंडला. भारदस्त गद्यात चाल वर्णावयाची झाली की संस्कृत विशेषणे धावून येतात.

याची झळ गाडगेबाबांवरील लेखनास लागली आहे. शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले व २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक देह ठेवलेले बाबा बडनेरा-अमरावतीच्या वाचकास परके नाहीत. दिवसा खराट्याने गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनास उभे राहावयाचे, हा त्यांचा क्रम. झाडणे हे कीर्तनाचेच पूर्वांग होय, असे आमचे मत आहे. चरित्रलेखनात मात्र झाडणे बहुधा समाजसेवेत जमा होते आणि कीर्तन उपदेशात. बाबांना कीर्तनातच पाहावे, असे आचार्य अत्रे म्हणत. ‘पाहावे’ हे त्यांचे क्रियापद कोणी मनावर घेतलेले दिसत नाही. छापील संहितेत बाबांचे प्रश्न आहेत, श्रोत्यांची उत्तरे आहेत, नामघोषाचे शब्द आहेत. परंतु प्रश्न टाकून बाबा किती वेळ थांबले, नामघोषाची लय कोठे चढली, टाळी कोठे पडली, याचा मागमूस नाही.

बाबांच्या १९५६ सालच्या वांद्रे येथील कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झालेले आहे. त्यावरून नवी संहिता सिद्ध करताना विरामांचा अवधी व टाळ्यांच्या जागा नोंदविणे सहज शक्य आहे. हे काम वऱ्हाडी बोलीची लय ओळखणाऱ्या अभ्यासकाने करावे. प्रमाणभाषेत ‘शुद्ध’ करून घेतलेल्या पाठाचा येथे काहीच उपयोग नाही.