दहा मार्च 1953 : जँगो राइनहार्टची अखेरची गिटार

जँगो राइनहार्टची पहिली कॅसेट माझ्याकडे आली ती नव्वदच्या सुमारास, एका मित्राच्या मामांच्या सामानातून. तीत सगळे वादन 1930च्या दशकातले होते: स्तेफान ग्रापेलीचे व्हायोलिन, ताल धरणाऱ्या दोन गिटारी, एक डबल बास आणि या सगळ्यांवरून उड्या मारत जाणारी जँगोची गिटार. ती कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकली. पुढे दहाएक वर्षांनी त्याच नावाची एक सीडी हाती लागली. लावली, आणि वाटले की आत दुसऱ्याच कोणाची तबकडी घातली गेली आहे. वेष्टन दोनदा तपासले. वादक तोच होता, तारीख मात्र 10 मार्च 1953 होती.

हा लेख त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणांबद्दल आहे. जँगोवर लिहिणारे पुष्कळ जण या शेवटच्या वर्षांपाशी आले की घाई करतात. युद्धानंतर जॅझ बदलला, अमेरिकेतून बीबॉप आला, जँगोने तो उचलायचा प्रयत्न केला आणि मग तो गेला, अशा तीन-चार वाक्यांत प्रकरण संपते. त्यामागचे गृहीत असे की युरोपातल्या वादकाचे उत्तम ते त्याचे 'अस्सल' आणि पुढचे सगळे अनुकरण. मला हे गृहीतच तपासून पाहायचे आहे.

मागची हकीकत थोडक्यात सांगतो. जँगोचा जन्म 1910 साली बेल्जियममधल्या लिबर्शी गावी, भटक्या मानूश समाजातला. 1928 साली राहत्या गाडीला आग लागून त्याचा डावा हात भाजला आणि शेवटची दोन बोटे आखडली. एकल वादन तो मुख्यतः पहिल्या दोन बोटांनी करी. उरलेली दोन स्वरसंघात वरच्या तारा दाबण्यापुरती कामी येत. 1934 साली पॅरिसमध्ये हॉट क्लब ऑफ फ्रान्सचा पंचक उभा राहिला. त्यात ड्रम नव्हता, पियानोही नव्हता. युद्ध सुरू झाले तेव्हा ग्रापेली लंडनलाच राहिला आणि जँगोने व्हायोलिनच्या जागी युबेर रोस्तँचे क्लॅरिनेट घेतले. 'न्युआज' ही त्याची सर्वांत गाजलेली रचना याच काळातली, 1940ची.

इकडे न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी जॅझची भाषाच बदलत होते. पण 1942 ते 1944 अमेरिकी वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता, आणि जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये अमेरिकी तबकड्या येणे तर बंदच होते. त्यामुळे युरोपच्या कानावर बीबॉप हळूहळू आला नाही, युद्ध संपल्यावर एकदम येऊन आदळला. गिलेस्पीचा मोठा वाद्यवृंद 1948 साली पॅरिसच्या साल प्लेएलमध्ये वाजला आणि 1949च्या महोत्सवाला पार्कर व माइल्स डेव्हिस स्वतः आले. तोवर हॉट क्लबमध्ये फूट पडून गेली होती. यूग पानासिएने बीबॉपला जॅझ मानायलाच नकार दिला, तर शार्ल दलोने नव्यांच्या बाजूने उभा राहिला. एका गटाला 'बुरसटलेली अंजिरे' आणि दुसऱ्याला 'आंबट द्राक्षे' म्हणत. आपल्याकडच्या संगीतमंडळांतली भांडणे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना या प्रकाराचे नवल वाटू नये!

या भांडणाच्या मधोमध जँगो होता. 1946च्या अखेरीस तो ड्यूक एलिंग्टनबरोबर अमेरिकेत वाजवून आला. तिथे त्याच्या हाती विजेवर चालणारी गिटार आली. माझ्या मते खरा बदल इथून सुरू होतो, आणि तो जितका बीबॉपचा आहे तितकाच वाद्याचा आहे.

पंचकातली त्याची सेल्मर गिटार खणखणीत, पण तिचा नाद लवकर विझतो. स्वर छेडला की तो गेलाच. अशा वाद्यावर सूर धरून ठेवायचा तर तार सतत थरथरवत ठेवावी लागते किंवा स्वरांची गर्दी करावी लागते. सरोद ऐकणाऱ्यांना हे निराळे समजवायला नको. जँगोच्या तरुण वादनातले जोरकस आघात, सप्तकातल्या जोड्या, झरझर उतरणाऱ्या ताना हे सगळे त्याच्या स्वभावातले होतेच, पण वाद्याची गरजही तीच होती. विजेने ती गरज संपवली. एकच स्वर लांबवता येऊ लागला, आणि तो लांबला म्हटल्यावर त्याच्यापुढे गप्प बसता येऊ लागले.

गप्प बसणे त्याला लगेच जमले असे नाही. 1951 साली तो पॅरिसच्या क्लब सँ-जेर्मँमध्ये तरुण बीबॉप वादकांना घेऊन वाजवू लागला, आणि त्याच वर्षी डेक्कासाठी त्याने काही बाजू मुद्रित केल्या. त्यातली 'अँप्रोम्प्तू' ऐकावी. ट्रंपेट आणि युबेर फोलचा आल्टो सॅक्सोफोन वेगात धून मांडतात, त्यांच्यामागून गिटार येते. वादन चोख आहे, पण मला तिथे जँगो थोडा उमेदवारासारखा वाटतो. आपल्यालाही हे येते, असे दाखवणारा. जानेवारी 1953ची 'अनूमाँ' याच्या अगदी उलट. तिथे सुरावट बरीचशी फोलच्या सॅक्सोफोनकडे सोपवून तो मागे राहतो. (नावावरून आपल्या कानाला भलतेच काही ऐकू येईल. त्यावर इमारत न बांधलेली बरी.)

आणि मग दहा मार्च. पियानोवर मोरीस व्हांदेर, बासवर पिएर मिशलो, ड्रमवर जाँ-लुई व्हियाल, तिघेही विशी-पंचविशीतले. जँगो त्रेचाळीस वर्षांचा. एका दिवसात आठ रचना झाल्या, एकेक साधारण तीन मिनिटांची. त्यातल्या बऱ्याच त्याने पूर्वी मुद्रित केलेल्या होत्या: 'नाइट अँड डे' 1938 साली, 'न्युआज' 1940 साली, 'मानुआर द मे रेव्ह' 1943 साली. माणूस तोच, धून तीच, मधे दहा-पंधरा वर्षे. समीक्षकाला याहून सोयीचा पुरावा कुठे मिळणार?

'नाइट अँड डे' आधी घेऊ. 1938ची आवृत्ती मागच्या गिटारींच्या ठोक्यावर उभी आहे. मात्रा अशी ठसठशीत पडते की जँगोला तिच्यावर नुसते नाचायचे असते. 1953 साली मागे तो ठोका नाही. व्हियाल झांजेवर लय वाहती ठेवतो, मिशलो चालता बास धरतो, आणि मात्रा कुठे आहे हे कोणी ओरडून सांगत नाही. त्यामुळे जँगोचे वाक्य आवर्तनाच्या कडेवर थांबत नाही. ते पुढच्या आवर्तनात शिरते, मध्येच तुटते, पुन्हा अनपेक्षित जागी सुरू होते. बीबॉपकडून त्याने घेतले ते हे. पार्करच्या ठरावीक वळणांची नक्कल इथे फारशी सापडत नाही. मोकळीक पार्करच्या काळाची आहे आणि वळणे जँगोची.

'ब्लूज फॉर आइक'मध्ये त्याचा नाद किंचित खरखरीत आहे, जणू यंत्राला आवाज झेपत नाही. काहींना तो दोष वाटतो. मला ती खरखर हवीशी वाटते, कारण बारा मात्राखंडांच्या साध्या ब्लूजला ती माणसाचा गळा देते. 'ब्राझील'मध्ये जुना वेगवान जँगो डोके वर काढतो. आठांतले ते मला सर्वांत कमी आवडते. 'अँसाँसिब्लमाँ' मात्र मी कितीदा ऐकले याची मोजदाद नाही. तिथे तो जवळजवळ सुधारणा करतच नाही. पॉल मिस्राकीची सुरावट फक्त म्हणतो. एखादा स्वर उशिरा, एखादा थोडा ओढून. दोन बोटांच्या माणसाने वीस वर्षे वेग सिद्ध करून दाखवला, आणि आता त्याला काहीच सिद्ध करायचे नाही. व्हांदेर इथे जरा जास्त बोलतो, अशी माझी तक्रार आहे. पण तेवीस वर्षांच्या मुलाने आणखी किती गप्प बसावे!

हे वादन अनुकरण असते तर त्याचे वारस ओळखणे सोपे गेले असते. पण युरोपातले पुढचे बीबॉप गिटारवादक निराळ्या वाटेने गेले. अमेरिकन जिमी गुर्ली 1951 साली पॅरिसला आला आणि त्याच्याबरोबर जिमी रेनीची मऊ, लांब ओळींची शैली आली. 1953च्या शरदात क्लिफर्ड ब्राउनने लायनेल हॅम्प्टनची बंदी झुगारून व्होग कंपनीसाठी पॅरिसमध्ये जी ध्वनिमुद्रणे केली, त्यांत गिटारवर हाच गुर्ली आहे, आणि बास-ड्रमवर पुन्हा मिशलो आणि व्हियाल. म्हणजे त्याच शहरात, त्याच साथीदारांसह, काही महिन्यांच्या अंतराने दोन वेगळ्या आधुनिक गिटारी वाजल्या. या दोन दिवसांची ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकण्याचा प्रयोग वाचकांनी जरूर करावा.

त्यांच्या मधोमध कुठेतरी लिएजचा रने तोमा येतो. जँगोवर वाढलेला हा बेल्जियन मुलगा पॅरिसमध्ये रेनीच्या वळणाला लागला. सनी रोलिन्सने त्याला 1958 साली आपल्या ध्वनिमुद्रणात घेतले. 1960 साली न्यूयॉर्कमध्ये त्याने 'गिटार ग्रूव्ह' केली, 1962 साली रोममध्ये तो चेट बेकर आणि बॉबी जास्पारसोबत वाजला. 'गिटार ग्रूव्ह'वरची मंकची 'रुबी, माय डिअर' ऐकताना ओळींची ठेवण रेनीची वाटते, पण स्वर छेडण्यातली ती चिमूटभर तिखट धार अमेरिकेतून आलेली नाही. ती कुठून आली हे 10 मार्चची आठ ध्वनिमुद्रणे ऐकलेल्याला ओळखता येते.

आज जँगोच्या नावाने जगभर महोत्सव होतात. तरुण मुले सेल्मरच्या घडणीची वाद्ये घेऊन 1937चे तुकडे स्वरनिशी वाजवतात, आणि थक्क करणारे वाजवतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे, पण एक गोष्ट खुपते. ज्या ठोक्यातून, ज्या वाद्यातून आणि ज्या गर्दीतून तो स्वतः बाहेर पडला, तेवढेच त्याचे म्हणून जपले जात आहे. पानासिएचा पक्ष वादात हरला असे आपण समजतो. जँगोच्या बाबतीत तो बहुधा जिंकला.

8 एप्रिल 1953 रोजी जँगो पुन्हा स्टुडिओत गेला. या वेळी व्हायब्राफोनवर सादी लालमाँ होता आणि पियानोवर अल्जियर्सहून आलेला पंचवीस वर्षांचा मार्सियाल सोलाल. चार रचना झाल्या, त्यांत 'डेकाफोनी' ही एक. 16 मेला मेंदूत रक्तस्राव होऊन जँगो गेला. सोलालचे ते पहिलेच ध्वनिमुद्रण होते. तो पुढे सात दशके वाजवत राहिला आणि डिसेंबर 2024 मध्ये वारला.