आयव्हन सदरलँड : अध्यापकाचा निष्कर्ष आणि विद्यार्थ्याची वाट

संगणकीय आरेखनाच्या इतिहासात आयव्हन सदरलँड यांचे मूल्यमापन बहुधा १९६३ च्या ‘स्केचपॅड’ या प्रबंधापाशीच थांबते. लाइट पेनने पडद्यावर थेट आकृती काढण्याची ही प्रणाली त्यांनी एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध केली. तथापि, अध्यापक म्हणून त्यांचे कर्तृत्व १९६८ नंतर युटा विद्यापीठात अधिक स्पष्ट होते. तो विभाग उभारला डेव्हिड इव्हान्स यांनी. सदरलँड-गौरवात ही बाब सहसा झाकली जाते.

१९७४ मध्ये सदरलँड, स्प्राउल व शुमाकर यांनी चित्रातील दृष्टीआड पृष्ठभाग वगळण्याच्या दहा पद्धती तपासल्या आणि त्या सर्वांच्या मुळाशी क्रमवारी लावण्याचीच क्रिया असल्याचे दाखविले. समीक्षकानेही हेवा करावा असे हे वर्गीकरण होय. मात्र पडद्यावरील प्रत्येक बिंदूची खोली साठवून ठेवण्याची सरळसोट रीत त्यांनी अवास्तव खर्चिक म्हणून बाजूस सारली. त्याच वर्षी त्याच विद्यापीठातील त्यांचे विद्यार्थी एडविन कॅटमल यांच्या प्रबंधात ही रीत मांडली गेली. हिशेब चुकला नव्हता. संगणकीय स्मृतीच्या तत्कालीन किमतीला पद्धतीचा दोष मानले गेले, एवढेच. स्मृती स्वस्त होताच ‘झेड-बफर’ सर्वत्र रूढ झाला.

अध्यापकाच्या निष्कर्षास छेद देणारा प्रबंध त्याच विभागात मान्य व्हावा, हे युटाचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल. शोधनिबंध मोजणाऱ्या आपल्या गुणांकन-तक्त्यांत त्यासाठी रकाना नाही. सदरलँड यांना १९८८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कॅटमल यांना पॅट हॅनराहन यांच्यासमवेत २०१९ चा.