चोरी कोणाची?

भिंगारच्या आमच्या वाचन मंडळात दर महिन्याला एक कथा वाचली जाते. मंडळ म्हणजे दहा-बारा माणसे : महाविद्यालयात जाणारी मुले-मुली, आम्ही दोन शिक्षक आणि छावणीतल्या नोकरीतून निवृत्त झालेले एक काका. या वेळी विषय होता ‘वयात येणे’. मुलांनी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) सुचविली. ती त्यांना आवडते, आणि आवडावी अशीच आहे. मी मात्र बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा पुढे ठेवली. १९६३ साली याच नावाच्या संग्रहात ती आली. एका मुलाने विचारले, “सर, ही तर जातीची कथा. यात वयात येणे कुठे आहे?” त्या प्रश्नासाठीच हे लिहितो आहे.

रेल्वेत नोकरी लागलेला एक तरुण गुजरातेत उधन्याला येतो. नवी नोकरी, परका गाव, स्वतःच्या कमाईची खोली. प्रस्थापित मराठी कथेत अशा जागी तरुणाचे स्वतंत्र आयुष्य सुरू होते. प्रेम, पैसा, एकटेपणा यांचा अनुभव घेत तो मोठा होतो. बागुलांच्या नायकाला मात्र खोलीआधी जात विचारली जाते. मोठे होण्याच्या उंबरठ्यावरच त्याला मागे, जन्माकडे ढकलले जाते. ‘शाळा’तला मुलगा मी कोण आहे हे हळूहळू शोधू शकतो. इथे ते समाजाने आधीच ठरवून ठेवलेले आहे. आपल्याकडे वयात येणे म्हणजे हे कळणे.

काकांचा निवाडा स्पष्ट होता : “नायक भित्रा आहे. काशीनाथ खरा. तो जात लपवत नाही, चाकू बाळगतो.” मुलांनी माना डोलावल्या. तेव्हा पुण्यात शिकणारी, सुट्टीत घरी आलेली एक मुलगी बोलली. खोली बघायला गेली तेव्हा मालकिणीने विचारले, “तुम्ही कोण?” ती म्हणाली, “आम्ही नगरचे.” मालकीण हसली आणि किल्ली दिली. “मी खोटे बोललेच नाही,” मुलगी म्हणाली. “पण रोज रात्री वाटते, चोरी केली.”

मग आम्ही कथा पुन्हा उघडली. जात विचारल्यावर नायकही दुसऱ्या जातीचे नाव घेत नाही. तो मुंबईचे, नव्या भारताचे नाव घेतो. रिकामी जागा समोरचा रणछोड स्वतः भरतो, आणि भरताना वरची जात भरतो. कारण ताठ मानेने बोलणारा माणूस आपल्या बाजूचाच असणार, हा त्याचा हिशेब आहे. म्हणजे नायकाने उचलले काय? माणूस म्हणून जे त्याचे होते, तेवढेच. ‘चोरली’ हा शब्द फिर्यादीचा आहे. बागुलांनी तो आरोपीच्या तोंडी घातला आणि शीर्षकातच खटला उलटा केला.

संविधानाच्या सतराव्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले. नायकाचे तारुण्य आणि प्रजासत्ताकाचे तारुण्य बरोबरीचे आहे. तो देशाच्या शब्दावर विश्वास ठेवतो, आणि जात उघडी पडताच मार खातो.

शेवटाविषयी मात्र माझी तक्रार आहे. काशीनाथ त्याला सोडवतो, तेव्हा नायक म्हणतो की मारले ते मनूने. हे शहाणपण आहे. मारामागची व्यवस्था त्याला दिसली, तिथे तो प्रौढ झाला. पण मनूला आरोपी केले की ज्यांचे हात उठले ते घरी जाऊन निवांत झोपतात. चळवळीतही आपण पुष्कळदा मनूवर भाषण करतो आणि गल्लीतल्या माणसाचे नाव घ्यायचे टाळतो. बागूल काशीनाथचा संतापही कथेत तसाच ठेवतात, विझवत नाहीत, ही कथेची ताकद आहे. वाचकाने दोघांनाही बरोबर घेऊन जायचे आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) लेखक दया पवार आणि दगडू मारुती पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसवली. त्या मुलीतही अशा दोन मुली आहेत. एकीकडे किल्ली आहे, दुसरीला झोप नाही.

निघताना काका तिला म्हणाले, “पोरी, भित्रा हा शब्द मी मागे घेतो.” तिने विचारले, “मग मालकिणीला सांगू का?” आम्ही कोणीच उत्तर दिले नाही. खोली जाण्याचा धोका तिचा आहे. धैर्याचा उपदेश करणे आम्हाला फुकट पडले असते. मला एवढेच वाटते की समीक्षेने तिचा कबुलीजबाब मागू नये. किल्ली हातात धरून “तुम्ही कोण?” असे विचारणाऱ्याला उलट विचारावे : हे विचारण्याचा अधिकार तुम्ही कोठून चोरला?