रद्द करण्याची सोय कुठल्या कायद्यात आहे?

मंडळी, जामखेडात बसून जिनिव्हाच्या करारांची चर्चा कशाला, असं काहींना वाटेल. पण रणगाड्यांच्या सरावाची के. के. रेंज आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारं नागास्त्र-१ हे ड्रोन नागपूरच्या कंपनीचं आहे. जून २०२४ मध्ये लष्कराला त्यातली पहिली १२० मिळाली.

नागास्त्र स्वायत्त आहे असं आम्ही म्हणत नाही. लक्ष्य माणूस पाहतो, आणि ऐनवेळी हल्ला रद्द करून ते पॅराशूटने परत उतरवता येतं. ही सोय आम्हाला फार मोलाची वाटते. प्रश्न एवढाच, की उद्याच्या आवृत्तीत ती काढून टाकली तर कोणता कायदा मोडेल?

उत्तर म्हणून कलम ३६ दाखवतात. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलमधलं हे कलम. नवं शस्त्र घेताना त्याचा वापर काही किंवा सर्व परिस्थितींत बेकायदा ठरेल का, हे त्या त्या देशानं तपासायचं. भारत या प्रोटोकॉलमध्ये नाही. पण २०१९ साली जिनिव्हात एकमताने ठरलेल्या अकरा मार्गदर्शक तत्त्वांत हीच तपासणी आली, आणि त्या एकमतात आपण होतो. तत्त्वं बंधनकारक नाहीत, ती गोष्ट वेगळी.

तपासणी हवीच. आमचा आक्षेप तिच्यामागच्या कल्पनेला आहे. तोफेचा गोळा रेंजवर जसा वागतो, साधारण तसाच रणांगणावर वागतो. सॉफ्टवेअरचं तसं नाही. मोकळ्या माळावर अचूक ठरलेलं यंत्र आठवडे बाजाराच्या गर्दीत काय करेल, शेतकऱ्याच्या खांद्यावरचा पाइप त्याला काय वाटेल, हे माळावर कळत नाही. टेम्पोचं पासिंगसुद्धा पुन्हा पुन्हा करावं लागतं! इथे अपडेटनंतर परत तपासा, असं कलमात स्पष्ट लिहिलेलं नाही. रेडक्रॉसच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत बदललेली शस्त्रंही तपासावीत असं आहे, पण ती शेवटी मार्गदर्शिकाच. शिवाय निकाल जाहीर करायचं बंधन नाही. परीक्षार्थी आपण, परीक्षक आपण, आणि गुणपत्रिका कपाटात.

२२ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांवर ठराव आला. १५२ देश बाजूने, ४ विरोधात : रशिया, बेलारूस, माली आणि भारत. चर्चा जिनिव्हातच व्हावी, असं आपलं म्हणणं. त्यात तथ्य आहे. मोठी लष्करी राष्ट्रं तिथे बसतात, आणि २०१७-१८ मध्ये तिथल्या तज्ज्ञगटाचं अध्यक्षपद आपल्या अमनदीपसिंग गिल यांच्याकडे होतं. पण तिथे एकमत लागतं. एकाने अडवलं की गाडी थांबली. बोलणी २०१४ पासून चाललीत, करार अजून नाही. आणि तो ठराव काही बंदीचा नव्हता; देशांची मतं मागवून अहवाल द्या, एवढंच महासचिवांना सांगणारा होता. त्यालाही विरोध कशाला, हे आम्हाला पटलेलं नाही.

माणसाला हल्ला रद्द करता आलाच पाहिजे, ही अट करारात घाला, असं भारताला म्हणता आलं असतं. तशी सोय असलेलं अस्त्र आपण बनवतो, वापरतो. अट पाळायला आपल्याला नवं काही करावं लागलं नसतं.

आता प्रश्न घेऊ.